नॉक्स एन्झाइमांच्या परिषदेत पहिलं पोस्टर: कोल्हापूरच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी

पेशी ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मुद्दाम तयार करते, आणि हे काम करणाऱ्या एनएडीपीएच ऑक्सिडेज (थोडक्यात नॉक्स) एन्झाइमांवर जगभर वेगळ्या परिषदा भरतात. माणसात या कुटुंबाचे सात सदस्य आहेत: नॉक्स-१ ते नॉक्स-५, ड्युऑक्स-१ आणि ड्युऑक्स-२. वनस्पतींमध्ये त्यांचे भाऊबंद आरबीओएच नावाने ओळखले जातात. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपात त्यांची दहा जनुकं आहेत. शिवाजी विद्यापीठात किंवा आसपासच्या महाविद्यालयांत जीवरसायन, जैवतंत्रज्ञान, वनस्पतिशास्त्र यांपैकी कशातही पीएचडी करत असाल आणि प्रबंधात कुठेतरी 'आरओएस' (ऑक्सिजनपासून बनलेले असे क्रियाशील रेणू) हा शब्द असेल, तर ही परिषद तुमच्या कामाची आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या परिषदेत पोस्टरपाशी येणारा माणूस "काय सापडलं?" हे नंतर विचारतो. त्याआधी "कोणता रेणू मोजलात, आणि तो याच एन्झाइमातून आला हे कशावरून?" असं विचारतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा त्या प्रश्नाला दिली आहे. व्हिसा, तिकीट, छपाई हे सगळं वेळेत सुरू केलं की होतं.

१. परिषद निवडा, आणि खोटी ओळखा

गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सच्या मालिकेत नॉक्स एन्झाइमांवर स्वतंत्र परिषद असते. तिथे नुसते पैसे भरून प्रवेश मिळत नाही. आधी अर्ज करावा लागतो आणि अध्यक्ष तो मंजूर करतात. चर्चा अप्रकाशित कामावर चालते, त्यामुळे सभागृहात किंवा पोस्टरपाशी फोटो काढायला सक्त मनाई असते. मोबाइल खिशात ठेवा आणि वहीत लिहा, पण त्या नोंदीही दुसऱ्याच्या परवानगीशिवाय आपल्या लेखात वापरू नका. एवढ्या लांब जाणं या वर्षी जमणार नसेल, तर सोसायटी फॉर फ्री रॅडिकल रिसर्चच्या भारतातल्या संघटनेच्या परिषदांपासून सुरुवात करा. पहिल्या पोस्टरसाठी त्या उत्तम आहेत.

'आदरणीय प्राध्यापक' असा मायना, दोन दिवसांत स्वीकृती, आणि एकाच परिषदेत कर्करोग, नॅनो, परिचर्या आणि पशुवैद्यक असे सगळे विषय: असा ईमेल आला तर पैसे भरू नका. आयोजन समितीतली तीन नावं घ्या आणि त्या माणसांच्या विद्यापीठाच्या पानावर या परिषदेचा उल्लेख आहे का ते बघा. ती माणसं नॉक्सवर खरंच काम करतात का, हे पबमेडवर पाच मिनिटांत कळतं.

२. अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या आधी स्वतःच्या मोजमापाची उलटतपासणी

हे काम अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या मुदतीच्या निदान तीन महिने आधी हाती घ्या, कारण यात प्रयोग पुन्हा करावे लागतात.

*डीसीएफएच-डीए.* आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत आरओएस म्हणजे हाच हिरवा प्रकाश. हा रंग हायड्रोजन पेरॉक्साइडशी थेट फारसा जुळत नाही. मध्ये लोह किंवा पेरॉक्सिडेज लागतं. म्हणजे पेशीत मोकळं लोह वाढलं तरी चमक वाढते. त्यातून तयार होणारा मधला रॅडिकल ऑक्सिजनशी जुळून स्वतःच सुपरऑक्साइड बनवतो, त्यामुळे मोजणाराच मोजायची वस्तू वाढवतो. सूक्ष्मदर्शकाखाली जास्त वेळ प्रकाश पडला तरी तेच होतं. हा आलेख पोस्टरवर ठेवायचाच असेल, तर 'ऑक्सिडेशनचा सर्वसाधारण निर्देश' एवढंच म्हणा आणि शेजारी दुसरी पद्धत दाखवा.

*डीएचई.* हा रंग सुपरऑक्साइडशी जुळला की २-हायड्रॉक्सीएथिडियम तयार होतं, इतर ऑक्सिडेशनमधून नुसतं एथिडियम. दोन्ही लाल चमकतात आणि त्यांचे प्रकाशपट्टे एकमेकांवर येतात. फोटोतल्या लाल रंगावरून 'सुपरऑक्साइड वाढलं' म्हणता येत नाही; एचपीएलसीवर दोन शिखरं वेगळी करावी लागतात. एचपीएलसी आपल्या विभागात नसेल तर विद्यापीठाच्या सामायिक उपकरण केंद्रात वेळ मागा. त्यासाठी लागणारे दोन-तीन आठवडे हिशेबात धरा.

*सायटोक्रोम सी.* पद्धत जुनी, स्वस्त आणि विश्वासाची. ५५० नॅनोमीटरवर वाचन घ्यायचं, २१.१ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर या गुणांकाने भागायचं. अट एकच: प्रत्येक नमुन्याची एसओडी (सुपरऑक्साइड नष्ट करणारं एन्झाइम) घातलेली जोडी हवी. दोन्हींतला फरक तेवढाच सुपरऑक्साइडचा, बाकीचं क्षपण दुसऱ्या कशाने तरी झालेलं असतं. सायटोक्रोम सी पेशीच्या आत शिरत नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते यातून कळणार नाही. प्लेट रीडर वापरत असाल तर वेलमधल्या द्रवाची उंची १ सेंटिमीटर नसते. ही दुरुस्ती राहून गेल्यामुळे आकडे चुकलेले पुष्कळ पोस्टरांवर दिसतात.

*अ‍ॅम्प्लेक्स रेड.* हे हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी आहे, आणि त्याची जोडी कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घालून करायची. नमुन्यात एनएडीपीएच किंवा वनस्पतींतली फिनॉल्स असतील तर ती या चाचणीतल्या हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजशी खेळतात आणि आकडा खालीवर होतो. म्हणून ज्ञात प्रमाणातलं पेरॉक्साइड तुमच्याच नमुन्यात घालून किती परत मिळतं ते तपासा. दोन पद्धतींचे आकडे जुळवताना लक्षात ठेवा: दोन सुपरऑक्साइडमधून एक पेरॉक्साइड बनतं.

*ल्युसिजेनिन आणि मेम्ब्रेन.* ऊतकातून मेम्ब्रेन वेगळी केली, एनएडीपीएच आणि ल्युसिजेनिन (सुपरऑक्साइडशी जुळून चमकणारं रसायन) घातलं, प्रकाश मिळाला, म्हणजे नॉक्स, हा निष्कर्ष आता कोणी मानत नाही. नॉक्स-१, २ आणि ४ तिन्ही काढून टाकलेल्या उंदरांच्या मेम्ब्रेनमध्येही हा प्रकाश मिळाला आहे, कारण सायटोक्रोम पी४५० रिडक्टेजसारखी एन्झाइम्स ल्युसिजेनिनला थेट इलेक्ट्रॉन देतात.

*पानांवरचे डाग.* एनबीटीचा निळा (सुपरऑक्साइडसाठी) आणि डॅबचा तपकिरी (पेरॉक्साइडसाठी) रंग ऊस, भात, सोयाबीन यांच्या कामात सर्रास वापरतात. डॅबला रंग यायला पेरॉक्सिडेज लागतं. त्यामुळे ताणाखाली पेरॉक्सिडेज वाढलं तर पेरॉक्साइड तेवढंच असूनही डाग गडद येईल. एनबीटीचं क्षपण इतर एन्झाइम्सही करतात. डॅबला कॅटलेजचा आणि एनबीटीला एसओडीचा कंट्रोल द्या.

आता इनहिबिटर (एन्झाइम थांबवणारी रसायनं), कारण इथे सगळ्यात जास्त पोस्टरं अडकतात.

डीपीआय फ्लेव्हिन असलेल्या जवळजवळ सगळ्या एन्झाइमांना थांबवतं: नायट्रिक ऑक्साइड सिंथेज, झँथिन ऑक्सिडेज, मायटोकॉन्ड्रियाचं कॉम्प्लेक्स-१. 'डीपीआयने थांबलं म्हणून नॉक्स' हे वाक्य पोस्टरवर असेल तर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

अपोसायनिन आपल्या ओळखीच्या कुटकीत सापडतं, त्यामुळे आयुर्वेदिक वनस्पतींवर काम करणाऱ्यांना ते जवळचं वाटतं. पण त्याचा नॉक्स-२ वरचा परिणाम पेरॉक्सिडेजने त्याचं ऑक्सिडेशन झाल्यावर दिसतो, म्हणजे मायलोपेरॉक्सिडेज असलेल्या न्यूट्रोफिलसारख्या पेशीत. रक्तवाहिनीच्या पेशीत ते मुख्यतः साधं अँटिऑक्सिडंट म्हणून वागतं. तुमच्या अर्काने आरओएस कमी झाले तर दोन शक्यता असतात: अर्काने एन्झाइम थांबवलं, किंवा तयार झालेले आरओएस टिपून घेतले. हे वेगळं करायला झँथिन आणि झँथिन ऑक्सिडेजची जोडी वापरा. तिथे नॉक्स नाही, तरीही अर्क घातल्यावर सुपरऑक्साइड कमी झालं, तर नॉक्सबद्दल काही सिद्ध होत नाही. अर्क झँथिन ऑक्सिडेजलाच थांबवत नाही ना, हे यूरिक अ‍ॅसिडच्या वाचनावरून (२९० ते २९५ नॅनोमीटर) त्याच वेळी बघा. डीपीपीएचची चाचणी या परिषदेला नेऊ नका. ती बाटलीतल्या रॅडिकलबद्दल बोलते, पेशीबद्दल नाही.

खात्रीचा पुरावा जनुकाचा: नॉकआउट (जनुक काढून टाकणं) किंवा सायरनए (जनुक दाबणारा छोटा आरएनए), आणि जमल्यास जनुक परत घालून परिणाम परत आणणं. तो शक्य नसेल, जसं उसात, जिथे एकेका जनुकाच्या अनेक प्रती असतात, तर तसं स्पष्ट लिहा आणि दावा तेवढाच लहान ठेवा. अँटिबॉडीच्या पट्ट्यावर विसंबू नका. नॉक्स-४ साठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच अँटिबॉडी नॉकआउट नमुन्यातही पट्टा दाखवतात.

शेवटची तपासणी जीवशास्त्राची. नॉक्स-५ चं जनुक उंदरात आणि घुशीत नाही, त्यामुळे उंदराच्या ऊतकातला 'नॉक्स-५' चा पट्टा म्हणजे चुकीची अँटिबॉडी. नॉक्स-४ बहुतांशी हायड्रोजन पेरॉक्साइड देतं, म्हणून त्याच्यासाठी सायटोक्रोम सी निरुपयोगी. नॉक्स-५ आणि ड्युऑक्स यांना कॅल्शियम लागतं. कॅल्शियमविरहित बफरमध्ये ती गप्प दिसतील. नॉक्स-२ ला पी४७फॉक्स, पी६७फॉक्स आणि रॅक ही प्रथिनं येऊन मिळाल्याशिवाय ते चालू होत नाही, त्यामुळे नुसतं एमआरएनए वाढलं म्हणजे क्रियाशीलता वाढली असं होत नाही.

या सगळ्याचा एकत्रित आढावा हवा असेल तर २०२२ साली नेचर मेटाबॉलिझममध्ये आलेली आरओएस मोजण्याची मार्गदर्शक तत्त्वं गाईडसोबत बसून वाचा.

३. अ‍ॅबस्ट्रॅक्ट

साधारण २५० शब्द मिळतात. त्यांतले पन्नास 'आरओएस हे दुधारी शस्त्र आहे' यावर घालवू नका. तिथल्या प्रत्येकाला ते पाठ असतं.

समजा शिरोळच्या क्षारपड जमिनीच्या संदर्भात तुम्ही उसाच्या मुळांवर काम केलं आहे. 'क्षारांच्या ताणाने आरबीओएचमार्फत आरओएस वाढतात' या शीर्षकात तीन दावे आहेत आणि कदाचित त्यांतला एकच सिद्ध झालेला असेल. त्याऐवजी किती मिलिमोलर मीठ, किती तासांनी, कोणत्या भागात, कोणता रेणू आणि कोणत्या कंट्रोलने खात्री केली हे सांगा: '१५० मिलिमोलर मीठ दिल्यावर सहा तासांत मुळांच्या टोकाशी एसओडीने नाहीसं होणारं एनबीटी क्षपण वाढतं'. हे शीर्षक दिसायला साधं आहे, पण वाचणाऱ्याला लगेच कळतं की लिहिणाऱ्याला विषय समजला आहे.

पेटंटचा विचार असेल तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज दाखल करा. युरोपात एकदा जाहीर झालेल्या गोष्टीवर नंतर पेटंट मिळवणं जवळपास अशक्य असतं. आणि वनस्पतीचा नमुना, बी किंवा अर्क 'कोणाला तरी द्यायला' म्हणून बॅगेत टाकू नका. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार त्याला राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते.

४. पैसे, पासपोर्ट, व्हिसा

अनुदानासाठी तीन दारं एकाच वेळी ठोठवा: अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन (पूर्वीचं एसईआरबी) आणि सीएसआयआर यांच्या प्रवास अनुदानाच्या योजना, विद्यापीठाचा निधी, आणि परिषदेचं स्वतःचं विद्यार्थी अनुदान. शेवटचं सगळे विसरतात. आयोजकांना सरळ ईमेल करून विचारा, त्यात कमीपणा काही नाही. सरकारी योजनांना स्वीकृतिपत्र लागतं, म्हणून अ‍ॅबस्ट्रॅक्ट पहिल्या मुदतीतच पाठवा.

पासपोर्टसाठी कोल्हापुरातच पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्र आहे. इथे आपल्याकडची खास अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर वेगळाच क्रम. लग्नानंतर नाव बदललं असेल तर आणखी एक. परिषदेची नोंदणी, निमंत्रणपत्र, तिकीट आणि विमा या चारही ठिकाणी नाव पासपोर्टवरच्यासारखंच, अक्षर न् अक्षर, घाला. शोधनिबंधावर वेगळं नाव छापलं जात असेल तर ते फक्त पोस्टरवर राहू द्या.

युरोपातल्या परिषदेसाठी शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पंधरा दिवसांवर जाऊच नका; तीन महिने आधीची वेळ घ्या. बोटांचे ठसे द्यायला पुण्याला किंवा मुंबईला जावं लागतं. सकाळची वेळ मिळाली असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला पोचा. सोबत घ्यायची कागदपत्रं:

- पासपोर्ट (परतीनंतर किमान तीन महिने वैध) आणि ३५ × ४५ मिलिमीटरचे फोटो
- निमंत्रणपत्र, नोंदणीची पावती, अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचं पत्र
- विभागप्रमुखांचं ना-हरकत पत्र, फेलोशिपचा आदेश, गाईडचं पत्र
- बँकेचा खातेउतारा, बँकेच्या शिक्क्यासह. खर्च अनुदानातून होणार असेल तर मंजुरीपत्र
- किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा
- राहण्याची सोय आणि परतीच्या तिकिटाचं आरक्षण

शेंगेनच्या नियमांत वैज्ञानिक परिषदेला जाणाऱ्या संशोधकांसाठी व्हिसा शुल्क माफ करण्याची तरतूद आहे. अर्ज भरतानाच त्याबद्दल विचारा; केंद्राचं सेवा शुल्क मात्र भरावं लागतं. फेलोशिपचे पैसे चार-चार महिने अडकतात हे आपल्याकडे नवं नाही, पण व्हिसा अधिकाऱ्याला ते माहीत नसतं. खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आली असेल तर ती कुठून आली याचं एका ओळीचं पत्र जोडा.

मुंबईहून विमान असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी पोचून त्याच दिवशी रात्रीचं विमान ठीक. दुपारचं नको, गाडी उशिरा आली तर सगळंच गेलं.

५. पोस्टर: फ्लेक्सच्या दुकानात काय सांगायचं

परिषदेच्या सूचनेत बोर्डाचं माप आणि उभं की आडवं हे लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ए-शून्य उभं चालतं, म्हणजे ८४.१ × ११८.९ सेंटिमीटर. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत फ्लेक्सवाल्याकडे गेलात की तो विचारणार, "तीन बाय चार करू?" तीन फूट म्हणजे ९१.४ सेंटिमीटर. बोर्ड ९० सेंटिमीटरचा असेल तर तुमचं पोस्टर शेजारच्याच्या बोर्डावर जातं किंवा कडेने वळतं. माप सेंटिमीटरमध्ये लिहून द्या आणि कापताना स्वतः उभे राहा.

दुसरा धोका दिसत नाही, म्हणून जास्त मोठा. दुकानात फाइल बहुधा कोरल ड्रॉमध्ये उघडतात. तुमच्या फाइलमधलं मायक्रोचं चिन्ह सिम्बॉल फाँटमधलं असेल आणि तो फाँट त्या संगणकावर नसेल, तर तिथे इंग्रजी 'एम' छापला जातो. १० मायक्रोमोलर डीपीआयचं १० मिलिमोलर होतं. बीटा आणि अल्फाच्या जागी चौकोन येतात, सुपरऑक्साइडवरचा ठिपका आणि ऋण चिन्ह गळून पडतं. उपाय असा: फाँट आत गुंफलेली पीडीएफ द्या, फाइल उघडून त्यात बदल करू देऊ नका, आणि मोठी छपाई करण्याआधी तीच पीडीएफ ए-४ वर छापून एकेक एकक बोटाने वाचा.

साहित्य: फ्लेक्स स्वस्त, पण चकाकतो आणि नळीतच न्यावा लागतो. कापडावरची छपाई घडी घालून बॅगेत जाते, पण कोल्हापुरात ती प्रत्येक दुकानात होत नाही, आठवडा हाताशी ठेवा. मॅट कागद दिसायला सगळ्यात चांगला. तिन्हींत प्रतिमा छापील मापाला इंचाला १५० ठिपक्यांच्या खाली नकोत.

मांडणीबद्दल थोडक्यात. शीर्षक ८५ पॉइंटच्या वर, मजकूर २४ च्या खाली नाही. दर बारा पुरुषांमागे साधारण एकाला लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही, म्हणून एकावर एक ठेवलेल्या प्रतिमांत लाल-हिरव्याऐवजी मॅजेंटा-हिरवा वापरा. प्रत्येक प्रतिमेवर मापपट्टी हवी. आलेखाखाली 'एन' म्हणजे काय ते लिहा: एकाच प्लेटमधल्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एसओडी, कॅटलेजचे कंट्रोल आलेखातच दाखवा, 'दाखवलेले नाहीत' म्हणून सोडू नका.

६. पोस्टरपाशी

बॅगेत हे असू द्या: पिना आणि दुहेरी चिकटपट्टी, पोस्टरच्या वीसेक ए-४ प्रती, पेनड्राइव्हवर पीडीएफ, आणि लॅपटॉपवर मूळ आकडे. कोणी "कच्चं वाचन दाखवाल का?" असं विचारलं तर तो अविश्वास नसतो. या विषयात तशीच पद्धत आहे, आणि दाखवता आलं तर संभाषण तासभर चालतं.

दोन मिनिटांचं सांगणं इंग्रजीत तयार करा आणि विषय न कळणाऱ्या मित्रासमोर मोठ्याने म्हणून बघा. हे प्रश्न नक्की येतात, उत्तरं आधी लिहून काढा:

- एसओडीने किती टक्के संकेत गेला?
- नॉकआउट किंवा सायरनए केलं का? नसेल तर का नाही?
- मायटोकॉन्ड्रियातून येत नाही हे कसं ठरवलं?
- इनहिबिटरची मात्रा किती, आणि त्याने पेशी मेल्या नाहीत ना?
- कोणता आयसोफॉर्म (नॉक्स कुटुंबातला नेमका कोणता सदस्य), आणि तुमच्या ऊतकात तो असतो का?

उत्तर नसेल तर "तो प्रयोग केलेला नाही, तुम्ही कसा केला असता?" असं सरळ म्हणा. समोरचा बहुधा पेन काढून तुमच्याच ए-४ प्रतीवर प्रयोग काढून दाखवतो. तो कागद जपून ठेवा. आपण लहान गावातून, लहान प्रयोगशाळेतून आलो म्हणून मागे उभं राहू नका. सायटोक्रोम सी आणि एसओडी असलेला साधा स्पेक्ट्रोफोटोमीटरचा आलेख, नीट कंट्रोलसह, तिथे महागड्या सूक्ष्मदर्शकातल्या लाल फोटोपेक्षा जास्त मानाने बघितला जातो.

७. परत आल्यावर

आठवड्याच्या आत, ज्यांच्याशी बोललात त्यांना चार ओळींचा ईमेल करा: काय बोलणं झालं, त्यांनी सुचवलेला कोणता प्रयोग तुम्ही करणार आहात, आणि काही मागायचं असेल तर एकच गोष्ट. प्लाझ्मिड किंवा पेशी मागत असाल तर हस्तांतर करारावर विद्यापीठाची सही लागते. ती फाइल त्याच आठवड्यात विभागप्रमुखांकडे द्या.

अनुदानाचं बिल लावताना बोर्डिंग पासची मूळ प्रत, नोंदणीची पावती, हजेरीचं प्रमाणपत्र आणि त्या दिवसाच्या विनिमय दराची छापील प्रत जोडावी लागते. बोर्डिंग पासची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून विमानतळावरून घरी आल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढा.